सकिमानच्या तारेवरचा बल्ब

विर्योनं मेलेलं बदक मानेला धरून गरगर फिरवलं आणि सख्ख्या थोरल्या भावाच्या थोबाडावर हाणलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

बदक एक नव्हतं, अकरा होती. सकिमानच्या बांधाला लागून ओळीनं पडलेली, चोची वासलेल्या, पायांची कातडी करपलेली. मी जवळच पाटाच्या दारापाशी होतो. मी कर्सो, कडुंगपिलांगचा पाटकरी. थोरला भाऊ समजून सगळे मला कांग म्हणतात. पाणी कुणाच्या खाचरात कधी सोडायचं नि कधी तोडायचं हे माझं काम, म्हणून गावातलं प्रत्येक भांडण आधी माझ्यापुढं येतं आणि मग गावप्रमुखापुढं.

"ही बघ तुझी उंदरं!" विर्यो ओरडत होता. "अंडी देनारी उंदरं! पंखाची उंदरं! बघ की मुडद्या, मान का फिरवतोस?"

सकिमाननं तोंडावरची पिसं पुसली. "बदकं आवरता येत न्हाईत तर पाळतोस कशाला? माझ्या बांधावर आली, मेली. तारंला काय ठावं, उंदीर कोन नि बदक कोन?"

"आन् उद्या मानूस आलं तर?"

"मानसाला डोळं अस्त्यात. बल्ब लावलाय की!"

सकिमानची बाजूही अगदीच खोटी नव्हती, हे सांगायला हवं. तीन हंगाम त्याचं भात पोटरीला आलं की उंदरांनी ते मुळासकट भुईसपाट केलं होतं. विष झालं, सापळे झाले, बिळांत गंधकाचा धूर झाला. शेवटी निम्म्या गावानं केलं तेच त्यानं केलं. घरातल्या प्लगमधून वायर काढली, बांधाभोवती वीतभर उंचीवर उघडी तार फिरवली आणि एका बांबूला तांबडा बल्ब टांगला. बल्ब पेटला म्हणजे तारेत वीज आहे, विझला म्हणजे नाही. पहाटेच्या बांगेनंतर त्याची बायको सार्तिनी घरात प्लग उपसायची. शेतातला बल्ब विझायचा. तो विझलेला बघून सकिमान बांधावर उतरायचा आणि तारेला चिकटलेले उंदीर शेपटीला धरून गोळा करायचा. या तारांना सरकारची बंदी होती. बंदीचा कागद गावच्या कचेरीत भिंतीवर चिकटवलेला होता, आणि कचेरीच्या मागच्या खाचराला तार होती.

दुखणं म्हशीला नि डाग पखालीला, असं झालं होतं. उंदीर राहिले बाजूला, बदकं मेली.

विर्योच्या हातात बदकं हाकायचा लांब वेळू होता. तो त्यानं फेकला आणि नुसत्या हातांनी भावावर गेला. दोघं खाचरात आडवे झाले. सकिमानच्या कमरेला विळा होता, तो त्यानं उपसला आणि विर्योचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. विर्योनं त्याचा कान दातांत धरला. मी आणि शेजारचा मुकिजो धावलो, एकेकाचे पाय धरून ओढले, तेव्हा कुठं सुटले. सुटताना कानाची पाळी विर्योच्या तोंडातच राहिली. ती त्यानं पाटात थुंकली. चिखल तांबडा झाला होता आणि दोघंही रडत होते, रागानं.

"एक दिस," विर्यो फाटक्या आवाजात म्हणाला, "एक दिस तुझ्या छाताडावर बसून तुझा जीव काढीन! सगळ्या गावाम्होरं काढीन!"

हे मी ऐकलं, मुकिजोनं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानातून नदीच्या उतारापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातली नर्स पुर्वांती गावात आली. विजेच्या तारा आणि माणसाचा जीव यावर बोलायला. गोड चहा आणि तळलेलं तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, मिळणार म्हणून कचेरीचा ओटा भरला. मीही तेवढ्यासाठीच गेलो, खोटं कशाला बोलू? पुढच्या ओळीत विर्यो बसला होता, हाताला पट्टी बांधून. तो भावाच्या तारेची तक्रार घेऊन आला होता. सकिमान सगळ्यात मागं, कानाला पट्टी, तोंडात लवंगेची सिगारेट.

"वीज जमिनीत जायला वाट शोधत असते," पुर्वांती म्हणाली. "पाखरू तारेवर बसतं, त्याला काही होत नाही, कारण त्याचे पाय जमिनीला नसतात. तुम्ही उघड्या पायांनी चिखलात उभे. म्हणजे वाट तुम्हीच झालात. माणूस तारेला चिकटला तर त्याला हात लावायचा नाही. मागच्या साली पलीकडच्या गावात नवरा चिकटला, बायकोनं मिठी मारून ओढला, दोघांची माती एकाच दिवशी झाली. आधी प्लग उपसा. ते लांब असेल तर कोरड्या बांबूनं हाणून माणूस तारेपासून सोडवा. हाड मोडलं तर मोडू दे."

मग तिनं झोपायचा लांबोळका लोड ओट्यावर आडवा ठेवला. "श्वास नसेल तर छातीच्या मधोमध असे दोन्ही तळवे. जोरात, भरभर. तीस वेळा. मग नाक दाबून तोंडात दोन फुंकरी. परत तीस. दवाखान्याची माणसं येईपर्यंत थांबायचं नाही."

"बाई, लोडाचं लगीन झालंय का?" मुकिजो म्हणाला. "फुंकर माराय आदी इचारल्यालं बरं!"

ओटा हसून लोळला. तोंडात तेम्पे असताना सगळ्यात जास्त मी हसलो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

"आणि त्या बल्बवर विश्वास ठेवू नका," पुर्वांती हसली नाही. "पेटलेला बल्ब सांगतो की वीज आहे. विझलेला बल्ब काहीच सांगत नाही. वीज गेली असेल, नाहीतर नुसता बल्बच उडाला असेल."

"माझा बल्ब नवा हाय," मागून सकिमान म्हणाला.

दाबून बघायला कोण येतंय, असं तिनं विचारल्यावर एकटा विर्यो उठला. त्यानं लोड असा दाबला की शिवण उसवून कापूस बाहेर आला.

"लोडाच्या जागी कोन दिसतंय रं तुला?" मुकिजोनं विचारलं.

विर्योनं लोडावर तळवे टेकले. परत तीस मोजले.

त्यानंतर तीन आठवडे झाले असतील. ऊन कासराभर वर आलं होतं. सकिमानच्या पाण्याची पाळी होती म्हणून मी पाटाच्या वरच्या दारापाशी गाळ काढत होतो. तिथून त्याचं खाचर दोनशे पावलांवर. काय झालं होतं ते मला नंतर कळलं: पहाटे सार्तिनीची शेळी व्यायला लागली, पिल्लू आडवं आलं, आणि त्या धांदलीत प्लग उपसायचा राहून गेला. सकिमान नमाज पढून, चहा पिऊन शेतावर आला. बल्ब विझलेला. तो नेहमीप्रमाणं उंदीर उचलायला वाकला. बल्बातली तार रात्री कधीतरी तुटली होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मान वर केली तेव्हा दिसलं ते एवढंच: बदकं हाकत आलेला विर्यो वेळू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून भावाला बडवतोय. एक, दोन, तीन. तिसऱ्या तडाख्याला सकिमान बांधावरून उडून खाचरात उताणा पडला. विर्योनं वेळू टाकला, त्याच्या अंगावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर हाणायला लागला.

"या गुस्ती!" माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. बोलला तसं केलं यानं!

मी खोरं घेऊन पळालो. पळताना ओरडत होतो, "सोड! सोड त्याला हैवाना! भाऊ हाय तुझा!" त्यानं मान वर केली नाही. त्याच्या हाताखाली काहीतरी काडकन मोडल्याचं मला ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. मी शिव्या देत त्याच्या डाव्या अंगाला पोचलो आणि खोऱ्याचा दांडा त्याच्या तोंडावर घातला. सगळा जोर लावून घातला. दांडा डोळ्यावर बसला.

विर्यो कोसळला. लगेच उठून गुडघ्यांवर बसला. त्याच्या बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी पाण्यासारखं गळत होतं. तो मला मारायला येईल म्हणून मी दांडा पुन्हा उचलला आणि एक पाय मागच्या बांधावर टेकवायला निघालो.

"पाय फुडं घे!" तो किंचाळला. "कांग, पाय! तार चालू हाय!"

"बल्ब तर बंद हाय," मी म्हणालो. हे मी म्हणालो. चहा पिऊन, तेम्पे खाऊन, सगळं ऐकून आलेला मी.

"उंदराकडं बघ!"

माझ्या टाचेपासून वीतभरावर तारेला एक उंदीर लटकला होता आणि त्याच्या पोटातून धूर निघत होता.

मी पाय उचलला तो तसाच धरून राहिलो. विर्यो परत भावाच्या छातीकडं वळला. "हुबा काय ऱ्हायलास? सार्तिनीला हाक मार! पलग उपस म्हनावं! आन् गाडी बलव!"

मी बोंब ठोकली. खाचरापलीकडच्या अंगणात सार्तिनीनं रक्तानं माखलेले हात वर केले, शेळीचं रक्त, आणि घरात धावली. "उपसला!" असा तिचा आवाज आला. लोक गोळा झाले. मुकिजो कोयता घेऊनच आला होता, विर्यो भावाला मारतोय असं त्यालाही माझ्यासारखंच वाटलं होतं. मी मधे आडवा आलो. "त्याला हात लावाल तर मी खांडोळी करीन एकेकाची!" मी ओरडलो. मला स्वतःचीच खांडोळी करावीशी वाटत होती.

विर्यो दाबत होता. त्याच्या डोळ्यातलं रक्त भावाच्या छातीवर टपकत होतं आणि तळवे त्यावरून घसरत होते. आकडे मोजता मोजता तो शिव्या घालत होता.

"सव्वीस, सत्तावीस, ऊठ की हरामखोरा! अठ्ठावीस, माझी बदकं खाल्लीस, आता मला खातोस व्हय? एकोनतीस, आईला काय सांगू, तीस!" मग नाक दाबून त्यानं भावाच्या तोंडात श्वास सोडला. ज्याच्याशी सव्वा महिना शब्द बोलला नव्हता त्याच्या तोंडात. कुणी हसलं नाही. लोडाच्या लग्नाची गोष्ट काढणारा मुकिजो कोयता टाकून मटकन खाली बसला.

किती वेळ झाला ते मला सांगता येणार नाही. मला तो एक हंगाम वाटला. शेवटी सकिमानच्या घशातून घरघर आली, मग ओकारी. विर्योनं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला चहा-भात बोटानं काढला आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकून तिथंच पडला. दोघांनाही एकाच टेम्पोतून भाताच्या पोत्यांवर घालून तालुक्याला नेलं. दोघांच्या मधे मी बसलो होतो आणि कुणाकडं बघावं ते मला कळत नव्हतं.

सकिमानच्या तळहातावर भोक पडलं होतं, खांद्याचं हाड मोडलं होतं आणि तीन बरगड्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "बरगड्या कुनी मोडल्या?"

"तुमच्या भावानं," सार्तिनी म्हणाली.

"वाटलंच मला," सकिमान म्हणाला. मग तिनं बाकीचं सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दुखऱ्या छातीनं रडता येत नव्हतं तरी रडत होता.

विर्योचा डावा डोळा गेला. डॉक्टरनं काढूनच टाकला. कुणी पोलिसात गेलं नाही. विर्यो म्हणाला, पाय घसरून पडलो. माझं नाव त्यानं घेतलं नाही, आणि गावानंही त्याच्यासाठी म्हणून घेतलं नाही. मला ते आरोळी ठोकून सांगावंसं वाटायचं. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं.

सकिमाननं तार उपटली. तीच तार घेऊन तो विर्योच्या अंगणात गेला आणि एका हातानं बदकांना कुंपण घालून दिलं. आता उंदरांसाठी आमच्या शिवारातले सगळे एका दिवशी काठ्या घेऊन बिळं खणतात, आणि घुबडांसाठी उंच खांबांवर पेट्या बसवल्यात. उंदीर संपले नाहीत. निम्म्या गावाच्या तारा अजून आहेत. कचेरीमागची तर आहेच. पुर्वांती परत आली की लोड मी धरतो, आणि कुणी हसलं की मी त्याला सांगतो की मी कसा हसलो होतो आणि पुढं काय केलं.

विर्योपुढं मात्र तोंड घेऊन जायची हिंमत मला चार महिने झाली नाही. शेवटी एका सकाळी तोच बदकं घेऊन पाटाच्या दाराशी आला. मी खोरं मागं लपवलं.

"लपवतोस कशाला कांग? दुसरा डोळा शिल्लक हाय अजून."

"विर्यो," मी म्हणालो, "मला दिसलं की तू त्याला मारतोयस. जसं दिसलं तसं मी..."

"दिसलं तसंच हुतं ते," तो म्हणाला. "पयले तीन दणकं म्या मनापासून हानलं. जीव भरून हानलं. सुटला आन् पडला, तवा कळलं की मला त्यो पायजे."

मग त्यानं बोटानं रिकाम्या खोबणीवर टिचकी मारली.

"एक ध्येनात ठीव," तो म्हणाला. "ह्यो बल्ब उडालाय. आत करंट हाय."

तो हसत होता की नाही, ते त्या अर्ध्या चेहऱ्यावरून मला कळेना. मी एक पाऊल मागं घेतलं.