फुलसिंगनं हाक मारली का?

आमची नातीण निकिता यवतमाळले कालेजात हाये. मानसशास्त्र का काय ते शिकते. परवा सुट्टीत आली तं पुस्तक उघडून मले सांगे, "आबा, दहा जनं चूक बोलले ना, तं अकरावाही चूकच बोलते. डोळ्यानं बरोबर दिसत असलं तरी!" अन् खी खी हासली.

मी नाही हासलो. म्हनलं पोरी, पुस्तक ठेव बाजूले अन् बस इथं. तुह्या मास्तरले हे ठाव नसन, मले ठाव हाये.

ज्या साली कपाशी मानसाच्या डोक्यावरून गेलती अन् बोंडात गुलाबी अळी शिरलती, त्या सालची गोष्ट. पांढरकवड्याच्या अंगाले घनश्यामच्या वावरात आमी सात जनं इळ्यानं सोयाबीन सोंगत होतो. मी मुकादम. धुऱ्याच्या पलीकडं त्याचीच कपाशी, अन् त्या कपाशीत तांड्यावरचा फुलसिंग फवारा मारून राह्यलता. मानूस काही दिसे नाही. दवाईचं धुकं तेवढं झाडाइच्या वर उठे, जसं कोनी आत बसून बिडी ओढून राह्यलं.

सकाळी पंप पाठीले बांधता बांधता आमच्यातल्या मैनाबाईले म्हने, "मावशी, एक भाकर ठेवजो माह्यासाठी. दुपारी येतो."

"येऊ नको बापा," मैनाबाई म्हने, "तुह्या अंगाच्या वासानं माही भाकर कडू व्हते."

"कडूच खाईन!" म्हनून गेला हासत.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. भर दुपारी वावरात कोनी नाव घेऊन हाक मारली तं लगेच ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेले द्यावं. पहिल्या दोन हाका मानसाच्या असतीनच असं नाही. जे दुसरं असते, त्याले दोनदाच बोलवता येते. माह्या बापानं मले सांगतलं, त्याच्या बापानं त्याले.

तं सूर्य डोक्यावर. वारा पडेल. पान हालत नव्हतं. अन् कपाशीतून हाक आली.

"विठ्ठलराव!"

साफ माहं नाव. माहा इळा थांबला. मी आजूबाजूले पाह्यलं. रामलाल सोंगत होता. मैनाबाई सोंगत होती. सहाच्या सहा इळे खर्र खर्र चालू, कोनाची मान वर नाही. म्हनलं, म्हंजे हे मलेच आयकू आलं. एकट्या मलेच. अन् जे एकट्यालेच आयकू येते ते मानसाचं कसं असन? मी मान खाली घातली अन् सोंगाले लागलो.

थोड्या वेळानं अखीन. "विठ्ठलरावऽ..." या खेपी आवाज जड, तोंडात पानी भरल्यावानी. मी नाही पाह्यलं. आता आठोते तं वाटते, त्या घडीले ते सहा इळे जरा जास्तच जोरानं चालून राह्यलते.

तिसरी हाक आलीच नाही. धुकंही मंग उठलं नाही.

जेवाले बसलो. मैनाबाईनं एक भाकर बाजूले काढून ठेवलती. म्हने, "फुलसिंग्या आला नाही." चटणीचा डबा इकडून तिकडं गेला, बस.

तीन वाजता घनश्याम कपाशीत शिरला अन् बोंबलला, "अरे या रे, या!" त्याच्या पहिल्याच हाकेले आमी सातही जनं धावलो, पाह्य पोरी. फुलसिंग कपाशीच्या दोन ओळीतल्या तासात पालथा पडेल. पंप पाठीवर तसाच. दवाईचा डबा उघडा. घनश्यामनं नाकाले दुपट्टा लावला अन् म्हने, "दवाई पेला लेकाचा."

त्या सालाइत आमच्याकडं मेलेल्या मानसाचं कोनी इचारतच नव्हतं. वावरात मेला? पेला. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर पोलीस ठान्यातला जमादार कागद घेऊन बसला. आमाले बोलावलं. आमी ज्या रांगेनं सोंगत होतो त्याच रांगेनं बसलो, सवयीनं. समोर फुलसिंगची बायको झमकीबाई, ओढणी कपाळापर्यंत ओढेल. रडत नव्हती.

"जमादारसाहेब, माहा मानूस पेला नाही. फवाऱ्याची दवाई अंगात भिनली त्याच्या."

"बाई, डबा उघडा सापडला."

"पंप भराचा तं डबा उघडाच राह्यते. तुमी याइले एकच इचारा. त्यानं हाक मारलती का? जो मराले पेते तो कोनाले हाक मारत नाही. तुमी कागदावर पेला लिहान, अन् उद्या माह्या पोराइले सारा तांडा पेलेल्याचे म्हनन."

जमादारानं मान हालवली. रांगेच्या टोकापासून सुरू केलं.

"रामलाल, हाक आयकू आली?"

रामलालनं आमच्याकडं पाह्यलं. "नाही साहेब."

दुसरा, "नाही." तिसरा, "नाही जी."

मी सहावा होतो. मैनाबाई सातवी. पहिल्या 'नाही'चा मले राग आला. दुसऱ्याले म्हनलं, तो जरा दूर होता. तिसऱ्याले माह्या डोक्यातली ती हाक बारीक झाली. चौथ्याले वाटलं, होला पाखरू घुमलं असन. अन् पाचव्या 'नाही'ले, सांगतो तुले पोरी, माह्या डोक्यात ते वावर होतं, ऊन होतं, इळे होते, अन् हाक नव्हती. कोनी पाटी पुसल्यावानी. मी लबाड बोलणार नव्हतो. मले खरंच आयकू आली नव्हती.

"मुकादम?"

मी 'नाही' म्हनाले तोंड उघडलं. तेवढ्यात दिसलं, झमकीबाई आमच्या तोंडाकडं पाहतच नव्हती. कानाकडं पाहून राह्यलती. एकेकाच्या कानाकडं, जसं आत काही अडकेल हाये अन् तिले दिसते. माहा हात आपसूक कानावर गेला. कान गरम. अन् त्या गरम कानात कोनी बोललं. तोंडात पानी भरल्यावानी.

"आली," मी म्हनलो. "दोनदा."

"मुकादम, कायले उगाच बोलता?" रामलाल म्हने. मी त्याच्याकडं पाह्यलं. त्याच्या डोळ्यात खोटं नव्हतं. एक टिपूस नव्हतं. पाटी त्याचीही पुसेल होती.

"काय म्हनला तो?" जमादारानं इचारलं.

"माहं नाव घेतलं. विठ्ठलराव."

"खोटं!"

मैनाबाई होती. उठून उभी झालती. "तुमचं नाही घेतलं, मुकादम. माहं घेतलं. मावशी म्हनला, मैनामावशी. दोनदा. मी तुमाइकडं पाह्यलं, तुमी कोनी मान वर नाही केली. म्हनलं, मलेच बलावते ते."

रामलालनं डोकं दोन्ही हातात धरलं. अन् त्या हाताइच्या आतून हळूच म्हने, "रामलालभाऊ म्हनला मले." त्याच्या बाजूचा बोलला. त्याच्या बाजूचा. प्रत्येकाले आपलंच नाव. हाका दोन, नावं सात.

जमादाराची लेखनी वरच राह्यली. "एका तोंडातून सात नावं? हे मी लिहू कसं?"

तुह्या पुस्तकात याचं उत्तर असन तं शोध, पोरी.

झमकीबाई उठली. "तुमाले नावाचं काय करा लागते? हाक मारली का नाही, ते सांगा."

"मारली बाई," आमी सातही जनं म्हनलो.

"मंग लिहा तसं."

जमादारानं 'दवाई पेला' लिहेल ओळ खोडली अन् वर 'हाक मारली' लिहिलं. तिले वाचता येत नव्हतं. तिनं इचारलं, खोडली ती कोनती? त्यानं दाखवली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं अन् शाई वाळेपर्यंत उचललंच नाही. आमच्याकडं एकदाही पाह्यलं नाही.