हात दाखवून

वॉर्डच्या मुख्य नर्स, ताई, म्हणजे तिच्या सख्ख्या नणंदबाई. तिची त्याच वॉर्डातली नर्सची नोकरी त्यांच्या शब्दावर लागलेली, आणि बिऱ्हाडही त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर. त्यामुळे बोटांच्या बेचक्यात पहिली भेग पडली, तेव्हा सांगायचं कुणाला? साबण सोसेना, सॅनिटायझर लागला की डोळ्यांतून पाणी. पण बोललं तर वॉर्ड सुटणार आणि ताईंच्या शब्दाला बट्टा लागणार.

म्हणून तिने हातमोज्यांचा आसरा घेतला. नाडी बघायची, ताप बघायचा, उशी सरकवायची, सगळं मोजे घालून. दर पेशंटला नवे मोजे घ्यायची, मधलं हात धुणं तेवढं चुकवायची. आत घाम साचून भेगा आणखी चिघळल्या. घरी भांडी घासतानाही मोजे. नवऱ्याने विचारलं, एवढी नाजूक कधीपासून झालीस? तिने हसण्यावारी नेलं.

मग ताईंनी सगळ्यांना बजावलं की रक्त, लघवी, जखम असेल तिथेच मोजे. नाडीला, तापाला धुतलेले उघडे हात. त्या पाठमोऱ्या झाल्या की ती घाईघाईने मोजे चढवून कामं उरकू लागली.

एका सकाळी तिने एका आजोबांचं लघवीचं भांडं रिकामं केलं, मोजे टाकले, नवे चढवले आणि पोटाला टाके पडलेल्या बाईंचं ड्रेसिंग बदलायला निघाली. खाटेशी ताई उभ्या होत्या.

"मध्ये हात धुतलेस?"

"नवे मोजे घातलेत, ताई."

"ते नाही विचारलं मी."

ताईंनी सॅनिटायझरची बाटली पुढे केली. टाक्यांच्या बाई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. पळायला वाट नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत तिने मोजे काढले. एका भेगेतून रक्त आलं होतं.

ताईंनी मनगट धरून तिचा हात उजेडाकडे वळवला. "या हातांनी यांच्या टाक्यांना हात लावणार होतीस," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं आणि हात बरे होईपर्यंत चादरींच्या खोलीत बसवलं. घरी ताईंनी विषय काढला नाही, कुणाला काढूही दिला नाही. मलमाने, सौम्य साबणाने कातडी भरून आली. ती वॉर्डात परतली.

आता रोज ड्युटीच्या आधी ती सगळ्यांसमोर तळवे पुढे धरते. ताई चष्मा लावून एकेक बोट फाकवून बघतात आणि म्हणतात, "जा." सुट्टीच्या दिवशी जिन्यात गाठ पडली, तरी तिचे हात आपसूक पुढे होतात.