कडी लावू नकोस, अकरा वेळा

मी मुळात तापट. त्यात कुणी माझ्या वाचनात खोट काढली की डोकं सटकतंच. म्हणून त्या दुपारी काकू काठी टेकत आमच्या खोलीत आल्या आणि "तुमची ती कादंबरी अडकतेय," म्हणाल्या, तेव्हा मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही.

"यंत्र बिघडलं असेल तुमचं."

"मुलगाही आधी तेच म्हणाला. मग त्याने यंत्र तपासलं. आता म्हणतो, आई, यंत्र ठीक आहे, तूच विसरतेस."

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे माझं काम. ग्रंथालयाच्या मागे एक खोली, भिंतींना जाड फोम, एक माइक आणि एक कुरकुरणारी खुर्ची. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिंगवाला बसतो. माझे श्वास, खोकले कापून टाकतो म्हणून सगळे त्याला कात्री म्हणतात. वीस वर्षं आम्ही भांडत भांडत हे करतोय.

काकू जन्मापासून अंध. टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी केलेली. नवरा त्यांना ही जुनी कादंबरी वाचून दाखवायचा, पण अर्ध्यावर असतानाच तो गेला. शेवट ऐकायचा म्हणून त्यांनी आमच्याकडून ती नेली, त्याला महिना झाला होता.

"त्यातली आई म्हणते, 'कडी लावू नकोस, तो येईल.' जरा पुढे सरकतं, की परत तेच. मला वाटतं मागे गेलं. बंद करून पहिल्यापासून लावते. परत तेच. महिनाभर त्याच घरात घिरट्या घालतेय हो मी."

"अहो, ते पुस्तकातच परत परत आहे! एकदा नाही, अकरा वेळा."

"ते कळतं मला. ह्यांनी ते वाक्य पाचदा वाचलं होतं. पण तेव्हा असं नव्हतं व्हायचं." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सोमवारी मुलगा डॉक्टरांकडे नेतोय, स्मरणशक्ती तपासायला. बाई, खरं सांगा. माझं डोकं चाललंय का?"

मी काचेतून कात्रीकडे पाहिलं. त्याने घाईघाईने मान खाली घातली. हा असा का करतोय, मला काही उमजेना.

"लाव रे ती," मी म्हटलं. "होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष."

ते वाक्य पहिल्यांदा वाजलं. मग पुढे सरकवून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. काकू मान वाकवून ऐकत होत्या.

"'येईल'नंतर खुर्ची कुरकुरते," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा. आणि 'तो'च्या आधी तुम्ही आवंढा गिळता, तोही तिन्ही वेळा. जिवंत माणूस असं कसं बोलेल?"

मला सगळं आठवलं. ही कादंबरी वाचली त्या महिन्यात माझा घसा बसला होता. ते वाक्य दुसऱ्यांदा आलं तेव्हा कात्री म्हणाला होता, "तेच शब्द आहेत. पहिलंच चिकटवतो. कशाला घसा फोडून घेतेस?" आणि मला ते फार पटलं होतं! तेव्हापासून ते वाक्य आलं की मी नुसतं बोट वर करायची आणि पुढची ओळ वाचायची. दहा वेळा बोट वर केलं होतं मी.

"काकू, चूक आमची आहे." मी आता खुर्चीतून उठले. "मी ते एकदाच वाचलंय. बाकी सगळीकडे तेच चिकटवलंय. तुमचं डोकं ठणठणीत आहे."

त्यांनी चाचपडत स्टूल शोधलं, बसल्या आणि पदराने डोळे पुसले. मग कडाडल्या, "मग वाचा आता! माझ्यासमोर वाचा!"

कात्रीने रेकॉर्डिंग चालू केलं. वाचायला बसले खरी, पण वाचू कसं? शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तोच. दुसरं अगदी पहिल्यासारखंच निघालं. तिसऱ्याला मी गळा काढला.

"रडतेस काय?" कात्री काचेपलीकडून ओरडला. "तिचा मुलगा नुसता बाजारात गेलाय!"

"मग तूच वाच की!"

"भांडू नका," काकू म्हणाल्या. "फोनवर माणसं दिवसभर 'हॅलो' म्हणायची. एवढ्या एका शब्दावरून मला कळायचं, कुणाच्या घरी काय झालंय ते. वाक्याकडे बघू नका बाई. त्या आईचा मुलगा कुठे आहे ते बघा."

मी मागची पानं उलटली. आधी मुलगा नुसता खेळून यायला उशीर करतोय. मग नोकरीसाठी परगावी गेलाय. मग पत्रं थांबलीत. आठव्या वेळी त्याचं जहाज बुडाल्याची बातमी आलीय, माणसं भेटायला जमलीत, आणि आई त्यांच्यासमोर तेच म्हणते. ही ओळ मी नुसतं बोट वर करून निभावली होती! आता ती वाचताना तीनदा थांबले, तेव्हा कुठे झाली.

शेवटचं पान. मी आईचा आवाज लावला आणि थबकले.

"कात्री, अरे, ही तर मुलगी बोलतेय!"

"कुठली मुलगी?"

"घरातली, धाकटी! आई मेलीय ना!"

"कधी?"

"दोन पानं आधी! त्या वेळी माझा हुंदका तूच तर कापलास!"

रोज उठून कडी लावायला दाराकडे जाणारी आणि 'किती वेळा तेच तेच' म्हणून आईवर करवादणारी ती मुलगी. आता तिचा नवरा कडी लावायला उठलाय आणि ती त्याला अडवतेय. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे मेलेली आई बोलत होती. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वाचलं. "कडी लावू नकोस, तो येईल." हळू, जराशा वैतागातच.

काकूंनी मान वर केली. "जिला त्या वाक्याचा वीट आला होता, ती?"

"तीच."

"ह्यांनी कादंबरी आधी वाचलेली होती. तिचं करवादणं आलं की हसायचे. मी विचारायचे, हसता काय? तर म्हणायचे, कळेल पुढे." काकूंनी काठी जमिनीवर टेकवली. "कळलं हो आत्ता."

तेवढ्यात त्यांचा मुलगा न्यायला आला. दारातूनच हसत म्हणाला, "काय आई, परत तेच ऐकतेयस?"

माझं डोकं सटकलं. "हो, परत तेच! आणि चूक आमची होती, त्यांची नव्हे. डॉक्टरांना कळवून टाका. आणि आता बसा इथे."

तो बावचळून बसला. काकूंनी तोंड काचेकडे वळवलं.

"आत्ता वाचलेलं परत लावा हो," त्या म्हणाल्या. "या वेळी मीच सांगतेय, परत लावा."

कात्रीने बटण दाबलं.