आत्याबाईचं पद

शिवकांताबाईंचा आवाज तिसऱ्या कडव्यात फाटला, तेव्हा सभागृहात कुणी हसलं नाही. विनोदी नाटक होतं, लोक पहिल्या प्रवेशापासून खदखदत होते, आणि नेमके तिथं गप्प झाले. बाईंनी एक श्वास घेतला, सूर खाली आणला आणि उरलेलं पद कसंबसं निभावून नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कसल्या असतात हे विंगेत उभ्या असलेल्या अंबरीशला चांगलं कळत होतं.

अंबरीश नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात नाटकं बसवायचा. ‘संगीत चुकलेली वरात’ हे जुनं नाटक त्यानं नव्यानं उभं केलं होतं. मूळ नाटकात बैलगाड्यांची वरात अंधारात भलत्याच गावी जाऊन पोचते. अंबरीशच्या प्रयोगात ती मोबाइलवरचा नकाशा बघत बघत लातुरातल्या भलत्याच मंगल कार्यालयात शिरते. नवरदेव कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा, नवरीचा बाप डॉक्टर, आणि ऑर्गनच्या जागी कीबोर्डवर आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक. प्रयोग एकच होणार होता, पण तीन कॅमेरे लावून तो नीट चित्रित करायचा आणि लोकांना घरी बसून बघता येईल असा काढायचा, असं ठरलं होतं. यूट्यूबवर तर टाकायचाच, शिवाय ज्यांना हवा त्यांना छान डबीत घालून पेनड्राइव्हही द्यायचा.

शिवकांताबाईंनी तरुणपणी याच नाटकात नवरीचं काम केलेलं. मराठवाडाभर फिरलेल्या कंपनीत त्या होत्या. कंपनी मोडली, लग्न झालं, मग लातुरात संसार. आता सत्तरीच्या पुढं गेलेल्या बाई गल्लीतल्या महादेवाच्या मंदिरात सोमवारच्या भजनाला म्हणायच्या, तेवढंच गाणं उरलं होतं. अंबरीशनं त्यांना शोधून काढलं आणि आत्याबाईचं काम दिलं. चुकून आलेल्या वऱ्हाडाला ही आत्याबाई दारात अडवते आणि म्हणते,

‘वाट चुकून आलात, आता
पंगत चुकवून जाऊ नका!’

सबंध नाटकात लोकांच्या तोंडी बसणारं पद हे एकच.

तालमीला बाई सुनेसोबत एसटीनं यायच्या. पहिल्याच तालमीत त्यांनी सांगितलं होतं, “अंबरीश, ही पट्टी मला वर पडायलीय रे. खाली, काळी दोनमधी दे. पैल्यासारखा गळा न्हाई आता.”

“बाई, ट्रॅक काळी पाचमध्ये तयार झालाय. नवरीचं पद लगेच त्याला जोडून येतं. मध्येच पट्टी उतरली तर सगळं पडेल,” अंबरीश म्हणाला होता. “तुम्हाला जमेल. तुम्ही काय साध्या आहात का?”

बाई हसल्या होत्या आणि पुन्हा काही बोलल्या नव्हत्या.

प्रयोग संपल्यावर मेकअप पुसता पुसता त्यांनी विचारलं, “उद्या ते पद तेवढं परत घेता येईल का रे? रिकाम्या हॉलमधी. मी थांबते नांदेडला.”

कॅमेरेवाले सामान आवरत होते. सभागृह दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सत्काराला दिलेलं होतं. हे सगळं सांगता आलं असतं. पण अंबरीश म्हणाला, “कशाला बाई? छान झालं की.”

बाईंनी आरशातून त्याच्याकडं पाहिलं. “खरंच?”

“खरंच.”

संकलनाचं काम आनंदराजच्या स्टुडिओत चालायचं. आनंदराज लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा आणि त्यात तरबेज होता. आत्याबाईच्या पदापाशी आल्यावर त्यानं चित्र थांबवलं.

“सर, याचं काय करायचं? कडवं उडवू का?”

“उडवलं तर वऱ्हाड आत कसं आलं ते कळणार नाही.”

“मग बाईंना बोलवा. इथं माइकवर म्हणू द्या. ट्रॅक तोच आहे, चिकटवून टाकतो.”

अंबरीश विचार करत बसला. बाईंना बोलवायचं म्हणजे सांगावं लागणार की आवाज फाटला. छान झालं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. आणि बोलावूनही काळी पाच त्यांना लागणार नव्हतीच. पट्टी बदलायची तर ट्रॅक पुन्हा करायचा, म्हणजे आठवडा गेला. गणपतीच्या आत व्हिडिओ काढायचा होता.

त्यानं मृण्मयीला फोन केला. मृण्मयी त्याची विद्यार्थिनी, गाण्याच्या परीक्षा दिलेली, गळा तयार. ती आली, पडद्यावर बाईंच्या ओठांकडं बघत तिनं पद म्हटलं. एकच कडवं बदललं तर वेगळं कळलं असतं, म्हणून सबंध पद तिच्याकडून घेतलं. ती हुशार पोरगी. बाई शब्द जरा ओढून टाकायच्या, ‘पंगत’मधला ‘प’ फोडायच्या, तेही तिनं उचललं. आनंदराजनं आवाज थोडा जाड केला. ऐकताना अंबरीशच्या अंगावर काटा आला, इतकं जमून गेलं होतं.

हेडफोन काढताना मृण्मयीनं विचारलं, “सर, बाईंना माहीत आहे ना?”

“हाव, बोललोय मी त्यांच्याशी,” अंबरीश म्हणाला.

शेवटी येणाऱ्या नावांत मृण्मयीचं नाव घालता येणार नव्हतं. घातलं असतं तर कशासाठी हे लिहावं लागलं असतं. तिनं विचारलंही नाही.

व्हिडिओ निघाला आणि चालला. हैदराबादहून, पुण्याहून लोकांचे फोन आले. मग एक दिवस बाईंच्या सुनेचा, दानम्माचा फोन आला. ती सासूला आत्या म्हणायची. “भाऊ, रविवारी दुपारी या लातूरला. आत्यांनी अजून बघितलं न्हाई. सगळ्यांसोबत बघायचं म्हणायल्यात. गल्लीतल्या समद्या बाया येणार हायेत. जेवायलाच या.”

अंबरीशला काही तरी कारण सांगता आलं असतं. पण नाही गेलो तर जास्त वाईट दिसेल असं त्याला वाटलं. बसमध्ये अहमदपूरपर्यंत तो स्वतःची समजूत घालत राहिला. कदाचित बाईंना कळणारही नाही. कळलं तरी बरंच वाटेल, म्हातारपणी इतकं सुरेख गाताना दिसणं कुणाला नको असतं?

बाईंच्या घरी सतरंज्या अंथरल्या होत्या. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. बाई मधोमध खुर्चीवर, इरकल नेसलेल्या, केसांत मोगऱ्याची वेणी. नकाशा बघत वरात चुकते त्या प्रवेशाला बाया पोट धरून हसल्या. बाईही हसल्या, मांडीवर हातानं ताल धरलेला. मग आत्याबाई दारात आली. शेजारणी ओरडल्या, “आल्या, आल्या!”

पद सुरू झालं.

दुसऱ्याच ओळीला बाईंचा हात थांबला. अंबरीश टीव्हीकडं बघतच नव्हता, तो त्या हाताकडं बघत होता. पडद्यावरच्या शिवकांताबाई तिसऱ्या कडव्यात वरचा सूर लावून तो लीलया फिरवत होत्या, आणि खुर्चीतल्या बाईंनी तो हात उचलून पदराखाली घेतला.

“अगं बाई, आवाज काय राखलाय!” एक शेजारीण म्हणाली.

“या वयात! आमाला तर ‘ओम नमः शिवाय’ म्हणतानी दम लागायलाय.”

“रियाज करता का हो घरी?”

बाईंनी अंबरीशकडं एकदाच पाहिलं. त्यात राग नव्हता. भर बाजारात आपलं लुगडं फाटलंय हे कळल्यावर बाईमाणूस जसं बघतं, तसं ते बघणं होतं. मग त्या शेजारणीकडं वळून म्हणाल्या, “हाव, थोडा केला होता.”

“आता म्हणून दाखवा की मग!”

“नगं गं. घसा बसलाय कालपासून.”

जेवण झालं. धपाटे होते, शेंगदाण्याची चटणी होती. निघताना बाई दारापर्यंत आल्या. तो काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, “संध्याकाळची बस मिळंल तुला. जा नीट.”

तो गेला. फोन करायचा करायचा म्हणत राहिला आणि केला नाही. वर्गात शिकवताना मध्येच त्याला तो पदराखाली गेलेला हात आठवायचा आणि वाक्य अर्धं राहायचं. घरी बायकोनं विचारलं, तब्येत बरी नाही का? तो म्हणाला, परीक्षेचं काम आहे.

थंडी सुरू झाली तेव्हा दानम्माचा पुन्हा फोन आला.

“भाऊ, आत्यांनी भजनाला म्हणायचं सोडून दिलंय. मंदिरात जातात, गुमान बसतात, उठून येतात. घशाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणायलेत, काहीच न्हाई. इचारलं तर सांगंनात. तुमचं ऐकतात त्या. बोलून बघा.”

“कधीपासून?”

“तो पिच्चर बघितल्यापासूनच म्हणा की. बाया म्हणतात, टीव्हीतल्यासारखं लावा वर. या म्हणतात, घसा बसलाय.”

अंबरीशनं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लातूर गाठलं.

बाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. दानम्मा चहा ठेवून आत गेली. अंबरीश समोरच्या पायरीवर बसला.

“बाई, तो आवाज मी बदलला.”

“मला माहीत न्हाई का? माझा गळा मला कळत न्हाई होय रे?” त्यांनी एक खडा बाजूला टाकला. “सूप हलव जरा इकडं.”

त्यानं सूप सरकवलं. “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

“खोटं बोलू नको आता.”

तो म्हणाला, “सांगायला जड गेलं म्हणून नाही सांगितलं. आणि घाई होती.”

“हां.” बाईंनी मान हलवली. “इचारलं असतंस तर मी हाव म्हणले असते. आमच्या कंपनीत हे होतंच होतं. एकीचा घसा बसला की दुसरी विंगेतून म्हणायची. पण समद्यांना ठाऊक असायचं, अन् जिचा घसा बसला ती दुसरीला आधी जाऊन सांगायची. तू मला माझ्याच घरात, माझ्याच शेजारणींपुढं बसवलंस अन् मला ठाऊकच न्हाई.”

अंबरीशला वर बघवेना.

“अन् मी काय केलं?” बाई म्हणाल्या. “मान डोलावली. रियाज केला म्हणून सांगितलं. तवाच म्हणायला पाहिजे होतं की हा माझा आवाज न्हाई. न्हाई म्हणवलं रे. चांगलं वाटलं दोन घडी. आता तोंड उघडलं की कळणार. म्हणून उघडत न्हाई.”

आत कुकरची शिट्टी झाली. बाई म्हणाल्या, “कोण पोरगी ती?”

“मृण्मयी. माझ्याकडं शिकते.”

“गाती छान. माझा ‘प’ बरोबर धरला तिनं. तिला तरी ठाऊक होतं का?”

“तिला सांगितलं, तुम्हाला माहीत आहे म्हणून.”

बाईंनी हातातली तूर तशीच सुपात टाकली. “अरे अरे अरे,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि अंबरीशला आतापर्यंतच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

“माझा आवाज ठेवलास का पुसून टाकलास?”

“आहे. मोबाइलमध्ये आहे.”

“लाव.”

त्यानं लावलं. अंगणात बाईंचा खरा आवाज आला, थोडा घोगरा, ट्रॅकच्या मागं धापा टाकत चाललेला. तिसऱ्या कडव्यात तो फाटला. दानम्मा हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली. सभागृहाची ती शांतता मोबाइलमध्येही ऐकू आली. मग सूर खाली उतरला आणि पद पूर्ण झालं.

“काळी दोन मागितली होती मी,” बाई म्हणाल्या.

“हो बाई.”

“एवढं काही वाईट न्हाई.” त्यांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. “हाच लाव. लोकांना सांग काय झालं ते. बायांना माझं मी सांगते. अन् त्या पोरीला तू सांग, तुझ्या तोंडानं.”

अंबरीशनं तसं केलं. आनंदराजकडून बाईंचा आवाज पुन्हा जोडून घेतला आणि यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ काढून हा टाकला. खाली स्वतःच्या नावानं लिहिलं, की आत्याबाईचं पद आधी शिवकांताबाईंना न विचारता मृण्मयीच्या आवाजात घातलं होतं, पट्टी बाईंना न झेपणारी होती आणि ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. वाटलेले पेनड्राइव्ह काही परत आले नाहीत. पुष्कळांनी खाली लिहिलं की आधीचंच बरं होतं. हदगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिलं, यांना मी शेतकरी मेळाव्यात याच नाटकातली नवरी म्हणून बघितलं होतं, आवाज ओळखला. काहींनी अंबरीशला शिव्या घातल्या. त्या त्यानं पुसल्या नाहीत.

मृण्मयीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला, सर.”

“हो.”

“तुम्ही हाव म्हणालात.”

“हो.”

तिनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्याच्या पुढच्या नाटकात तिनं काम केलं नाही. निरोप पाठवला होता, अभ्यास आहे म्हणून.

शिवकांताबाईंनी मंदिरात सांगितलं तेव्हा दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि एक जण आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, आम्हाला फसवलं म्हणून. पुढच्या सोमवारी बाई म्हणायला बसल्या. हे अंबरीशला दानम्माकडून कळलं, संक्रांतीला त्यानं फोन केला तेव्हा.

“लई खाली लावतात आता,” दानम्मा म्हणाली, “पण म्हणायल्यात. अन् ती तुमची पोरगी यायलीय की, मृण्मयी. पद शिकायला. एका रविवारी आपणहूनच आली, आत्यांच्या पायाच पडली. तवापासून येती. दोघी दुपारभर बसतात. तुमाला बोलली न्हाई का?”

“नाही,” अंबरीश म्हणाला.

“या की मग एकदा ऐकायला.”

“बाई बोलावतायत का?”

“त्या असं काही बोलल्या न्हाईत, भाऊ. मीच म्हणते.”

“बघतो,” तो म्हणाला. “ती शिकायला येते हे चांगलं झालं.” लातूरला जाण्याचा विषय त्यानं घरीही काढला नाही.