हिरव्या टोपलीतल्या लाल मिरच्या

बाबांचं डोकं चालेनासं झालंय, हे घोलवडच्या आमच्या माहेरी २०१९च्या होळीपर्यंत ठरून गेलं होतं. ठरवलं माझ्या भावाने, धनेशने. पुरावा म्हणून तो टोपली दाखवायचा. बाबांनी तोडलेल्या हिरव्या मिरच्यांत मूठ मूठ लाल. हिरव्या मालात लाल निघाली की व्यापारी माल परत पाठवतो, हे बाबांना आमच्या जन्माआधीपासून माहीत. आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेवढ्यात तिसऱ्यांदा माल परत आला. धनेश म्हणाला, मिरचीचं हे शेवटचं वर्ष, पावसाळ्यात तिथे चिकूची कलमं लावू, बाबांनी आता ओटीवर बसावं. डोकं चालत नाही असं एकदा ठरल्यावर बोलून उपयोग नसतो, एवढं बाबांना कळत होतं. पण जेवण निम्म्यावर आलं.

मी आशागडला, सासरी. त्याच आठवड्यात माझा मुलगा जतीन रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत नापास होऊन आला. इंजिन चालवायच्या नोकरीची लेखी परीक्षा तो पास झाला होता. तिथे त्याच्यासमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं आणि ठिपक्यांतला आकडा विचारला. जतीनला ठिपके दिसले, आकडा दिसला नाही. कागदावर लिहून आलं, रंगांधत्व, लाल-हिरवा.

सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुमच्याकडचं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी माझ्या लेकीचं, रियाचं, बारावीचं जीवशास्त्र उघडायला लावलं. माझी शाळा नववीत सुटली आणि पुस्तक इंग्रजी. म्हणून ती वाचून सांगायची आणि मी माझ्या मराठीत वहीत उतरवायचे.

वहीत आलं ते असं. शरीर वाढताना पेशीच्या दोन होतात, दोन्ही सारख्या. पण बीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जातं. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एक एक्स, एक वाय. मुलाला वाय बापाचा, म्हणजे एक्स आईचाच. हे रंगांचं एक्सवर बसून येतं. बाईचा एक एक्स बिघडलेला असला तर दुसरा काम भागवतो, तिला पत्ताही लागत नाही. मुलाकडे दुसरा नसतोच.

म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. मी तसं जाऊन सांगितलं. त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी केला.

मग मी वहीत खाली आईबाबांची नावं लिहिली. माझा एक एक्स आईचा, एक बाबांचा. बिघडलेला कोणाचा? तेव्हा मला बांध आठवला. बाबा मिरची तोडायचे आणि आई बांधावर बसून प्रत्येक टोपली ओतून पुन्हा निवडायची. आम्ही म्हणायचो, आईला कुणाच्या हातचं पटत नाही.

दुसऱ्या दिवशी जतीनला घेऊन घोलवडला गेले. धनेशसमोरच ओटीवर ताट ठेवलं, त्यात दहा मिरच्या, पाच लाल, पाच हिरव्या. म्हटलं, वेगळ्या करा. बाबा ताटाकडे बघत राहिले. जतीन शेजारी टेकला.

"आजोबा, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकेक मिरची अंगठ्याने दाबत मऊ लागतील त्या बाजूला काढल्या. पाचांतल्या तीन लाल बरोबर निघाल्या.

"कधीपासून, बाबा?"

"पहिल्यापासून. लग्न झालं त्या वर्षी पहिल्याच तोडीला तुझ्या आईने टोपली बघितली. बोलली काही नाही. निवडायला बसली."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"पन्नास वर्षं तिने नाही सांगितलं. मी कसा सांगू?"

धनेश घाईने विचारायला लागला, म्हणजे त्याच्यातही आहे का. मी वही दाखवली. त्याला बाबांचा वाय मिळाला, एक्स आईचा. म्हटलं, जमीन तुझ्याकडे, हे माझ्याकडे. तो वहीत बराच वेळ बघत होता, त्याला माझं अक्षर लागत नसावं. मग उठून अंगणात गेला आणि नर्सरीवाल्याला फोन करून म्हणाला, कलमं यंदा नकोत.

आता तोडीच्या दिवशी मी घोलवडला असते. बाबा आणि जतीन तोडतात, मी बांधावर बसून निवडते. लाल भरपूर निघतात, आता दोघांच्या. जतीनने रेल्वेचाच दुसरा फॉर्म भरलाय, ऑफिसातल्या कामाचा.

रियाने विचारलं, तिच्यातही लपलेलं असेल का. पुस्तक म्हणतं, निम्मी शक्यता. तिने वही मिटली, रविवारी माझ्याबरोबर आली आणि बांधावर पदराएवढी जागा करून बसली. म्हणाली, हात बसलेला बरा.