क्रीटमधले बोंबील

आमच्या ह्यांचं विमान चुकलं, त्यात पंचांगाचा काडीचाही दोष नव्हता. दोष अकलेचा होता, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय.

नरहरी मास्तर म्हणजे माझा नवरा. पालघरच्या शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना क्रीट सापडलं. भूमध्य समुद्रातलं बेट, तिथं हजारो वर्षांपूर्वीचा राजवाडा, आणि भिंतीवर चितारलेला बैल. धावत्या बैलाच्या पाठीवरून एक पोरगा कोलांटी मारतोय. तो बैल ह्यांनी इतक्या वेळा काढून वाटला, की पालघरजवळच्या आमच्या माहीम गावातल्या निम्म्या घरांत देवाच्या तसबिरीशेजारी तोच लटकलाय. एकदा तो बैल डोळ्यांनी बघायचा, बस्स! दुसरी हौस म्हणून या माणसाला कधी नव्हती.

शहाऐंशी साली मुंबईच्या कलाशिक्षकांनी क्रीटची बारा दिवसांची सहल काढली. सोबत जुने अवशेष समजावून सांगणारा गाईड. ह्यांचा नंबर लागला. गावानं लगेच सत्कार करून टाकला. माणूस जाऊन येईपर्यंत धीर कुणाला? शाल झाली, श्रीफळ झालं, आणि वाचनालयाचे अध्यक्ष तात्या यांनी जाहीर केलं, "परत आल्यावर मास्तर आपल्या सगळ्यांना क्रीट फिरवून आणतील. व्याख्यानातून!"

विमान होतं चौदा तारखेला, रात्री दीडला. आता सूर्य उगवल्याशिवाय आपल्याकडे दिवस कुठला बदलायला? म्हणून हे चौदाच्या संध्याकाळी, जेवूनखाऊन, ऐटीत निघाले. विमान आदल्या रात्रीच उडालं होतं.

माणूस घरी आलाच नाही. थेट एडवणला माझ्या बहिणीकडे, प्रेमलाकडे जाऊन लपला आणि मला निरोप धाडला. मी तणतणतच गेले. हे माडाखाली बसलेले, मांडीवर तो सत्काराचा नारळ. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "अगं, आता माहीमला तोंड कसं दाखवू मी? पोरं मला काय म्हणतील?" आणि घळाघळा रडायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "बारा दिवस इथंच राहा. कॅमेरा समुद्रात पडला म्हणून सांगा, आणि आठवून चित्रं काढली म्हणा." म्हणजे पाप माझंच. कबूल आहे.

प्रेमलाच्या पडवीत बसून, पुस्तक समोर ठेवून, ह्यांनी मोठमोठी वीस चित्रं काढली.

व्याख्यानाला वाचनालय गच्च भरलं. तात्यांनी पुढची खुर्ची सातपाटीच्या विश्रामला दिली होती. विश्राम मालवाहू बोटीवर खलाशी. क्रीटला उतरलेला पंचक्रोशीतला एकमेव माणूस, धक्क्यावर बसला की तिथल्याच गोष्टी सांगायचा. त्याला बघताच ह्यांनी छडी उलटी धरली. मी मनात म्हटलं, मेलो! हा एका वाक्यात सत्तावीस वर्षं पाण्यात घालवणार.

"मंडळी," ह्यांनी सुरुवात केली, "आपण बंदरावर उतरलोय. चपला सांभाळा, पुढं दगड आहेत."

आणि खोटं कशाला सांगू, माणसानं बेट फिरवलं हो! तळघरातले पुरुषभर उंचीचे रांजण दाखवले, बैल दाखवला. "इथं पायरी आहे, जपून," म्हणाले तर पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं खरंच पाय उचलला. मग दोन्ही हातांत साप धरलेली देवी आली. नाक, हनुवटी, सगळी आमची प्रेमला! ती बया माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

शेवटचं चित्र बंदराचं. टाळ्या पडणार, तेवढ्यात आम्हाला मासळी देणारी लाडकी मागून उठली.

"मास्तर, त्या दोरीवर काय हाय? बोंबील काय?"

मी बघितलं. बंदराच्या कडेला बांबू रोवलेले, दोऱ्या ताणलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वाळत घातलेले. प्रेमलाच्या पडवीतून बारा दिवस समोर जे दिसलं, ते ह्यांच्या हातानं काढून ठेवलं होतं!

तात्या वळले. "काय विश्राम, तू तर तिथं राहून आलास. असतात का तिथं बोंबील?"

विश्राम उठला. त्याच्या कपाळावर घाम होता. चित्राकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं.

"हायत ना!" तो म्हणाला. "आमी खाल्लं पन. जरा खारट."

काय टाळ्या पडल्या! बोंबील थेट क्रीटपर्यंत पोचला म्हणून सातपाटीकरांची छाती फुगली. मी मात्र विश्रामकडे बघत राहिले. मेल्या, तूसुद्धा?

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्राम पापलेटं घेऊन ओटीवर हजर. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बोलला, "मास्तर, गावात सांगू नका. आमची बोट धा दिवस बंदराबाहेर नांगर टाकून होती. कप्तानानं एकालाबी उतरू नाय दिला. बेट मी डेकवरूनच बघितलं."

"मी तेवढंही नाही बघितलं," हे म्हणाले, आणि सगळं सांगून मोकळे झाले.

विश्राम 'आ' करून ऐकत होता. "मंग बैल?"

"पुस्तकातला."

"आनि बोंबील?"

"एडवणचे!" मीच ओरडले, आणि तिघंही उचकी लागेपर्यंत हसलो.

मग विश्राम जरा घुटमळला. "मास्तर, रागावू नका. बोंबलाचं मला काय म्हाईत नाय. पन पानी तुमचं चुकलंय. त्ये आपल्यासारखं मातकट नाय."

हे ताडकन उठले, रंगपेटी आणली, निळा कालवला. "असं?"

"नाय. अजून गडद."

"असं?"

"नाय. उन्हात बघा, खालून उजेड आल्यावानी."

कागदामागून कागद गेले. मांजरानं एक पापलेट पळवलं, कुणाचं लक्ष नाही. मी आत पापलेटं साफ करायला बसले होते, कान बाहेर. एकाएकी विश्रामचं 'नाय' थांबलं. मी डोकावले. विश्रामनं ओल्या कागदावर बोट ठेवलं होतं.

"ह्येच," तो म्हणाला. "धा दिवस मी ह्येच बघत होतो."

ह्यांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. मग मान वर न करता म्हणाले, "अगं, ये ना. पोचलो आपण. चपला सांभाळ."

मी सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि गेले.