आवाज बंद केलेलं गाणं

शालीकराम गुरुजींनी आयुष्यात एकच धाडस केलं, आणि तेही लेकीच्या हट्टापायी. नवेगाव बांधच्या शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या कविता शिकवताना त्यांनी स्वतःची काही गाणी लिहिली होती, पण ती वहीबाहेर कधी पडली नव्हती. गोंदियाचा ईश्वरदास लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. घरोघरी केबल आली, दिवसभर गाणी नुसती ऐकू न येता दिसूही लागली, तेव्हा त्याच्या मनात आलं की आपल्या बोलीतल्या गाण्यांची सीडी काढावी. २००३ साली तो गुरुजींकडे आला आणि भाताच्या रोवणीचं एक गाणं मागितलं; लेकीनं हट्टच धरला, म्हणून गुरुजींनी ते दिलं.

गाणं गायलं गोंदियाच्या एका बाईनं, पण पडद्यावर दिसली गुरुजींची दुर्गेश्वरी. बांधीच्या, म्हणजे भाताच्या वाफ्याच्या, धुऱ्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, ईश्वरदासनं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि एकोणीस वर्षांच्या पोरीनं पोटरीभर चिखलात उभं राहून ओठ हलवले.

'बांधीत पाणी, पाण्यात ढग, रोवण्याले चाल बाई, उरक लगबग.'

ओठ चुकला की टेप मागे, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांत तिला गाणं असं बसलं की ईश्वरदास म्हणाला, "गुरुजी, ये तो बंबईवालियों से अच्छा करती है."

सीडी निघाली. ज्याच्या घरी सीडी प्लेअर होता, त्याच्या अंगणात माणसं जमू लागली. वर्ष-दोन वर्षं गुरुजी गावातून जरा ताठ मानेनं चालले.

मग लेकीसाठी स्थळं पाहायची वेळ आली. पानठेल्यावर कोणीतरी बोललंच, "गुरुजीले काय चिंता? पोरगी सीडीत नाचून राहिली ना, पाव्हणे घरबसल्या पाहून घेतील."

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरले. 'गाण्यात एक चूक राहिली, सुधारून आणून देतो,' असं सांगून त्यांनी गावातल्या बावीस सीड्या परत घेतल्या आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातल्या. लेकीचं लग्न अडेल या भीतीपोटी मागोमाग गाण्यांची वहीही टाकली. दुर्गेश्वरी दाराशी उभी राहून पाहत होती. दरेकशाच्या खुमेंद्रशी तिचं लग्न झालं आणि सासरी कोणाला काही कळलं नाही.

तीन वर्षं बरी गेली. तोवर गाणी मोबाईलच्या कार्डात शिरली होती. बाजारात विकल्या गेलेल्या कुठल्याशा सीडीवरचं चित्र कोणीतरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, त्याखालचा गुरुजींचा शब्द पुसला आणि दुसरंच गाणं भरलं. ते इतकं घाण होतं की गुरुजींना अर्ध्यावर कान झाकावे लागले. चित्र मात्र तेच. चिखलात उभी दुर्गेश्वरी हसते आहे आणि ओठ हलवते आहे. खुमेंद्रच्या मित्रांनीच त्याला ते दाखवलं. दरेकशाहून निरोप आला, 'रविवारी या. मूळ गाणं काय होतं ते दाखवा, नाहीतर पोरगी घेऊन जा.'

गुरुजी तडक गोंदियाला गेले.

"मूळ टेप असंल ना तुझ्यापाशी?"

"टेप कौन रखता है, गुरुजी? तिच्यावर मागून अकरा लग्नं शूट केली."

"एखादी सीडी?"

ईश्वरदासनं त्यांच्याकडे पाहिलं. "गावातल्या तर तुमीच जाळल्या म्हणतेत."

बाजारात तीन दिवस फिरूनही सीडी मिळाली नाही. रविवारी गुरुजी हात हलवत दरेकशाला पोचले. अंगणात सासू गोमतीबाई, खुमेंद्र आणि नात्यातली दोन वयस्क माणसं बसली होती. दुर्गेश्वरी आत होती.

"आणली का?" गोमतीबाईंनी विचारलं.

"नाही. पण मोबाईल लावा न् त्याचा आवाज बंद करा. मी गातो. ओठ जुळतेत का, तुमीच पाहा."

खुमेंद्रनं चित्र सुरू केलं. सगळे त्या बोटभर काचेवर वाकले. गुरुजींना कधी चारचौघांत गाता आलं नव्हतं. त्यांचा आवाज कापरा निघाला, पण शब्द नेमके पडले. बांधीत पाणी, पाण्यात ढग. काचेतले ओठ त्यांच्या शब्दांवर उघडले, मिटले.

"जुळून तर राहिलं," एक म्हातारा म्हणाला.

दुसरं कडवं आलं आणि गुरुजींची ओळ हरवली. त्यांनीच लिहिलेली ओळ. ती पाहायला वहीही उरली नव्हती. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि काचेत पोर एकटीच ओठ हलवत राहिली.

"आता काऊन थांबले?" गोमतीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतून सूर आला, भाताची रोपं उपटण्याच्या त्याच हरवलेल्या ओळीचा. 'उपटला पऱ्हा, माती ना सुटे.' डोक्यावर पदर घेतलेली दुर्गेश्वरी गातगात उंबऱ्यापर्यंत आली. ती मोबाईलकडे पाहत नव्हती. तरी चिखलातल्या पोरीचा एकही ओठ तिच्या शब्दाला चुकला नाही. गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला. "गाणं साफ हाये. यात पोरीचा दोष नाही."

गुरुजींच्या जिवात जीव आला.

"गाण्याचं राहू द्या," गोमतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आजवर मोबाईलात होतं, लोकाचं म्हणून सोडून देता आलं असतं. आता घरची सून मोठ्या माणसाईपुढं उभी राहून गाते, हे आपल्या डोळ्यानं पाहलं का नाही?"

गुरुजींनी खुमेंद्रकडे पाहिलं. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि पायातल्या चपलेचा पट्टा नीट करत बसला.

"सांगा ना जावई," गुरुजी म्हणाले. "ती माझ्यासाठी गायली. माझंच चुकलं. मी विसरलो."

"मी काय सांगू?" खुमेंद्र म्हणाला. "माय म्हणते ते म्हणते."

दुर्गेश्वरी आत गेली आणि पिशवी घेऊन लगेच बाहेर आली. पिशवी आधीच भरलेली होती. कोणी भरून ठेवली होती, हे गुरुजींनी तिला विचारलं नाही.